रोटोरुआच्या तळ्यांकाठी पहिल्यांदा धावताना

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला धावायला निघालेल्या प्रत्येकाला माझी एकच विनंती असते. पहिल्याच दिवशी तारावेरा तळ्याच्या वाटेला लागू नका. फोटो पाहून सगळ्यांना तिथेच जायचं असतं हे मला माहीत आहे. मीही तशीच गेले होते आणि त्या दिवसाची हकिगत पुढे सांगणारच आहे. आधी रेडवूडचं जंगल, मग तिकितापूचं निळं तळं, मग ओकारेका आणि शेवटी तारावेरा, असा क्रम ठेवलात तर इथली जमीन, इथलं पाणी आणि इथले रिवाज एकेक करून ओळखीचे होतात. मग तारावेराचे १५ किलोमीटर अवघड वाटत नाहीत.

मी हॅमिल्टनला राहते. तिथून रोटोरुआ गाडीने दीड तास, ऑकलंडहून तीन तास. माझा भाचा गेल्या वर्षी साताऱ्याहून इकडे शिकायला आला. यवतेश्वरचा घाट धावत चढणारा मुलगा, त्यामुळे दमाची काळजी नव्हती. पण रेडवूडच्या जंगलात पहिल्या दोनशे मीटरवरच तो थांबला आणि टाच आपटून बघायला लागला. "मावशी, ही जमीन आतून पोकळ आहे का गं?" खरंच तसा आवाज येतो. धप्प, धप्प. कोरड्या मातीच्या खाली कुणी गादी घातली असावी तसा.

पायाखाली काय आहे

हे समजून घेतलं की बूट कुठले, वेग किती, पाय कुठे टाकायचा, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. पण तिथला लाव्हा पातळ होता. तो भेगांतून बाहेर येऊन दूरवर पसरला, थरावर थर बसले आणि त्याचा काळा कातळ झाला. रोटोरुआचा लाव्हा वेगळा आहे. त्यात सिलिका भरपूर, म्हणून तो घट्ट आणि चिकट. आतले वायू सहज सुटत नाहीत, दाब वाढत जातो आणि शेवटी स्फोट होतो. त्या स्फोटात उडालेली राख आणि प्युमिस या भागात थरांनी साठली आहे. प्युमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, पाण्यावर तरंगणारा हलका दगड. आपल्याकडे टाचा घासायला मिळतो तोच. रोटोरुआचं मोठं तळं आहे तिथे सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वी असाच प्रचंड स्फोट झाला, खालचा लाव्हा बाहेर पडल्यावर वरची जमीन खचली आणि त्या खोलगटात पाणी साठलं. आसपासची बरीच तळी लाव्ह्याने जुन्या दऱ्यांची तोंडं अडवल्यामुळे तयार झालेली आहेत.

याचा धावणाऱ्याला फायदा असा की सच्छिद्र मातीत पाणी पटकन मुरतं. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी बऱ्याच वाटा धावण्याजोग्या असतात. गुडघ्यांना ही माती फार मऊ वाटते. तोटाही त्यातूनच येतो. माती सैल असल्यामुळे वाटेवरून वाहून जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. ओलं मूळ साबणासारखं निसरडं असतं. मुळावर पाय देऊ नका, दोन मुळांच्या मधे द्या किंवा ओलांडून जा. काळ्या कातळावर धावलेल्या माणसाला दगडावर विश्वास टाकायची सवय असते. इथे ती सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी लागते. भाचा दोनदा घसरला तो मुळांवरच.

घरून निघण्यापूर्वी

भारतातून येत असाल तर बूट धुऊन आणा. धुऊन म्हणजे जुन्या टूथब्रशने तळाच्या खाचांतली माती काढून, वाळवून. न्यूझीलंडच्या विमानतळावर बाहेरची माती, बिया, खाद्यपदार्थ यांची तपासणी फार कडक असते. अर्जावर ट्रेकिंगचे बूट आणि खाणं दोन्ही जाहीर करायचं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली तर जागेवरच ४०० डॉलर दंड होऊ शकतो. मध आणू नका. पेढे, बर्फी, खवा असलं दुधाचं काही आणू नका. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागला की जीव तुटतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. गूळ, शेंगदाणे, राजगिरा हे सगळं ऑकलंड-हॅमिल्टनच्या भारतीय दुकानांत मिळतं.

धावताना बरोबर काय घ्यायचं हे अंतरावर अवलंबून आहे. तासाभराच्या फेरीला पाण्याची बाटली आणि फोन पुरतो. त्याहून लांब जायचं तर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, खाणं, दीड-दोन लिटर पाणी आणि डोक्याला बांधायची बॅटरी हवी. मी शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र वळून सुपारीएवढे लाडू करते आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबाचं सरबत भरते. बाजारात धावपटूंसाठी मिळणारी गोड जेल पोटाला चालत असतील तर जरूर घ्या, मला हे बरं पडतं. टोपी आणि सनस्क्रीन मात्र कुणीही चुकवू नये. हवा गार असते म्हणून ऊन जाणवत नाही, पण इथल्या उन्हाळ्यातली अतिनील किरणं भारतातून आलेल्या सावळ्या कातडीलाही भाजतात.

ऋतू उलटे आहेत हे लक्षात ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ. जून-जुलैमध्ये पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. तेव्हा दुपारी दोनला लांबच्या वाटेवर निघणं म्हणजे अंधार ओढवून घेणं.

गावात शिरताच सडक्या अंड्यांसारखा वास येईल. तो जमिनीतून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. दिवसभरात नाकाला सवय होते. दमा असणाऱ्यांनी इनहेलर जवळ ठेवावा आणि वाफा निघतात त्या खोलगट जागांत रेंगाळू नये. बायकांनी चांदीची जोडवी, पैंजण घरी ठेवून यावेत. माझी जोडवी पहिल्याच मुक्कामात शाईत बुडवल्यासारखी काळी झाली. मी घाबरले होते. नंतर कळलं की हा वायू चांदीशी असंच करतो.

पहिला दिवस: रेडवूडचं जंगल

या जंगलाचं खरं नाव फाकारेवारेवा. रोमन लिपीतल्या नावात सुरुवातीला डब्ल्यू आणि एच दिसतात, इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे माओरींचा, उच्चार 'फ'च्या जवळचा आहे. १९०१ मध्ये इथे कॅलिफोर्नियातली रेडवूडची झाडं लावली. परदेशी झाडांपैकी कोणती या मातीत वाढतील याची ती चाचणी होती. आज त्यांतली काही ७० मीटरच्या आसपास उंच आहेत. सव्वाशे वर्षांत! राखेची माती आणि भरपूर पाऊस त्यांना मानवला. झाडांखाली सुयांसारख्या तांबूस पानांचा जाड थर असतो. त्यावरून धावताना स्वतःच्या पावलांचा आवाज जवळपास ऐकू येत नाही, फक्त श्वास ऐकू येतो.

गाडी टिटोकोरांगी ड्राइव्हवरच्या (पूर्वीचा लॉंग माइल रोड) माहिती केंद्रापाशी लावा. आत जाऊन छापील नकाशा घ्या आणि आज कुठली वाट बंद आहे ते विचारा. हे तोडीचं जंगलही आहे. पाइनची लाकूडतोड चालू असेल तिथल्या वाटा बंद असतात किंवा वळवलेल्या असतात. बंदीचा फलक ओलांडून जाऊ नका, वर उतारावर यंत्रं काम करत असतात.

पायवाटांना रंग दिलेले आहेत आणि त्या त्या रंगाच्या खुणा खांबांवर दिसतात. सगळ्यात छोटी लाल फेरी २ किलोमीटरची, सगळ्यात लांब काळी ३४ किलोमीटरची. पहिल्या दिवशी लाल फेरी पूर्ण चाला. हो, चाला. मग तीच धावा. त्यानंतर पिवळी घ्या, ती साडेतीन किलोमीटरच्या आत संपते. धावण्याचे मिळून पाच-साडेपाच किलोमीटर होतात आणि पहिल्या दिवसाला तेवढं पुरे. घड्याळातल्या पेसकडे बघू नका. सपाट रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटं लागत असतील तर इथे साडेसात-आठ लागतील आणि तेच बरोबर आहे. चढ आला की हात मांडीवर ठेवून झपझप चाला. इथले अनुभवी धावपटूही चढ चालतात.

याच जंगलात सायकलच्या वाटांचं मोठं जाळं आहे. त्यांतल्या बऱ्याच फक्त सायकलींसाठी आणि एकाच दिशेने चालणाऱ्या आहेत. वळणावरून सायकल उडी मारून येते, तिला थांबता येत नाही. वाटेच्या तोंडाशी सायकलचं चित्र असेल तर तिथे शिरायचं नाही. कानात इयरफोन घालायचे तर एकाच कानात.

दुसरा टप्पा: तिकितापू आणि ओकारेका

गावातून तारावेरा रोडने निघालं की दहा-पंधरा मिनिटांत तिकितापू येतं. लोक त्याला ब्लू लेक म्हणतात. तळाशी पांढरं प्युमिस आणि फिकट रायोलाइट (इथल्या घट्ट लाव्ह्याचा दगड) आहे, म्हणून पाणी इतकं निळं दिसतं. एका सरदाराच्या मुलीची गळ्यातली पवित्र हिरव्या पाषाणाची तिकी, म्हणजे छोटी कोरीव मूर्ती, पोहताना इथे हरवली, त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात.

तळ्याभोवतीची फेरी साधारण साडेपाच किलोमीटरची आहे. नवशिक्यासाठी याहून चांगली वाट मला माहीत नाही. हरवण्याची भीती नाही, कारण पाणी कायम एका हाताला. जंगलातला भाग वळणावळणाचा आणि चढ-उतारांचा. नेच्यांची झाडं इतकी उंच की त्यांची छत्री डोक्यावर येते. एके ठिकाणी वाट काठावरच्या बारीक वाळूत उतरते, तिथे पावलं छोटी आणि जलद टाका. मी ही फेरी नेहमी जंगलाच्या बाजूने सुरू करते, म्हणजे मुळांचा भाग ताज्या पायांनी होतो आणि रस्त्यालगतचा सोपा भाग शेवटी उरतो. फेरी झाली की बुटांसकट पोटऱ्यांपर्यंत थंड पाण्यात उभं राहायचं.

धावताना मागे एखादा छोटा पक्षी शेपटीचा पंखा उघडत-मिटत या फांदीवरून त्या फांदीवर येत राहील. तो पीवाकावाका. आपल्या पावलांनी उडालेले किडे तो टिपत असतो. भाच्याला वाटलं पक्ष्याला त्याचा लळा लागला, आणि कारण कळल्यावरही तो त्याच्यासाठी वेग कमी करत राहिला. रानात साप नाहीत. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचा साप कुठेच नाही, त्यामुळे गवतात पाय टाकताना आपल्यासारखी काठी आपटायला नको. मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस गांधीलमाश्या असतात. त्यांची ॲलर्जी असेल तर औषध खिशात ठेवा. रानातलं फळ तोडून खाऊ नका, तुतू नावाचं झुडूप इथे फार विषारी आहे.

तिकितापूपासून थोडं पुढे रस्त्यावर एक उंचवटा आहे. तिथून दोन तळी एकदम दिसतात, एक निळं आणि दुसरं हिरवं. हिरवं ते रोटोकाकाही. काकाही म्हणजे गोड्या पाण्यातला शिंपला. या तळ्यात उतरायचं नाही. पोहणं, होडी, मासेमारी काहीच नाही. हे तळं माओरींच्या मालकीचं आहे आणि तापू आहे, म्हणजे पवित्र आणि म्हणूनच वर्ज्य. सोवळं-ओवळं पाहिलेल्या माणसाला तापू समजावून सांगावं लागत नाही असं मला वाटतं. उंचवट्यावर उभं राहून बघा आणि पुढे जा. या सगळ्या मुलखाचे मूळ रहिवासी म्हणजे 'ते अरावा' नावाचे माओरी लोक. २००६ च्या कायद्याने इथल्या तेरा तळ्यांचे तळ त्यांना परत मिळाले. आपण त्यांच्या घराच्या अंगणातून धावतोय, एवढं भान असलं की वागणं आपोआप नीट होतं. वाटेत कुणी भेटलं की 'किया ओरा' म्हणा.

ओकारेकाची वाट सोपी आहे. येऊन-जाऊन पाच-साडेपाच किलोमीटर, दलदलीवरून लाकडी फळ्या, बरेच पाणपक्षी, काळे हंसही. दोन धावांच्या मधल्या हलक्या दिवसासाठी उत्तम.

गरम जमिनीचे नियम

हा भाग वाचल्याशिवाय तारावेराला जाऊ नका.

वाफा निघतात तिथे वाट सोडू नका. वरचा पापुद्रा कडक दिसतो आणि खाली उकळता चिखल असू शकतो. कुंपण असेल तर ते ओलांडायचं नाही, फोटोसाठीही नाही.

गरम पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यात किंवा डोहात बसलात तर डोकं पाण्याखाली घालू नका. अशा पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून होणारा मेंदूज्वर बहुधा प्राण घेतो. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडात डुबकी मारण्याची सवय असते, म्हणून हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. मानेपर्यंत बसा, तोंड धुऊ नका, मुलांना पाणी उडवू देऊ नका. झऱ्यातलं पाणी पिऊ तर नकाच.

दुखापत झाली तर आणीबाणीचा नंबर १११. अपघाताच्या उपचारांचा खर्च इथली सरकारी योजना पाहुण्यांनाही देते, पण आजारपणाचा देत नाही. पर्यटक असाल तर प्रवासविमा काढूनच या.

तारावेरा

तिकितापूच्या फेऱ्या दमछाक न होता दोन सलग करता येऊ लागल्या आणि बारा-तेरा किलोमीटरची एखादी जंगलातली धाव पचली, की मगच ही वाट.

ती 'ते वाइरोआ' इथल्या गाडीतळापासून सुरू होते. सुरू करण्याआधी या जागेबद्दल माहीत असावं. समोर तारावेरा डोंगर आहे, १,१११ मीटर उंच. १० जून १८८६ च्या रात्री तो फुटला. १७ किलोमीटर लांबीची भेग पडली. जगभरातून लोक बघायला येत असत ते गुलाबी आणि पांढरे पायऱ्यांचे झरे त्या एका रात्रीत नाहीसे झाले, गावं राखेखाली गेली, सुमारे १२० माणसं मेली. ते वाइरोआ हे त्यांतलंच एक गाव. सोफिया हिनेरांगी नावाची वाटाडी बाई तेव्हा इथे राहत होती. तिच्या घराचं छप्पर उतरतं आणि भिंती भक्कम होत्या. त्या रात्री साठाहून जास्त माणसं तिच्या घरात आसऱ्याला आली आणि वाचली. गाडीतळावर बुटांच्या नाड्या बांधताना मला दर वेळी ती आठवते. तिथे मोठ्याने गाणी लावू नका.

वाट १५ किलोमीटरची, एकदिशेची, तळ्याच्या कडेकडेने 'ते राता बे' नावाच्या किनाऱ्यापर्यंत. चालत पाच-सहा तास लागतात. नवख्या धावपटूला अडीच ते साडेतीन तास लागतील असं धरा. तळ्याकाठची वाट म्हणून ती सपाट असेल असं वाटतं. तशी नाही, काठावरच्या डोंगरांच्या सोंडा चढत-उतरत ती जाते. कुत्रे आणि सायकली नेता येत नाहीत. काही भाग माओरी कुटुंबांच्या जमिनीतून जातो, तिथे खुणा सोडून आडवं शिरायचं नाही. डोंगरावर तर स्वतःच्या मनाने चढताच येत नाही, तो माओरींच्या खाजगी मालकीचा आहे आणि वाटाड्याबरोबरच जाता येतं.

आता ती हकिगत. एका वर्षी एप्रिलमध्ये मी आणि एक मैत्रीण अकरा वाजता निघालो. परत बोटीने यायचं होतं, पण बोट ठरवली नव्हती. तिथे पोचून फोन करू असा विचार. ते राता बेवर पोचलो तेव्हा फोनला सिग्नल नव्हता, त्या दुपारी एकही बोट आली नाही आणि पाणी संपत आलं होतं. परत १५ किलोमीटर. एप्रिलमध्ये सहाच्या सुमाराला अंधार पडतो. शेवटचे चार किलोमीटर आम्ही एका फोनच्या उजेडात, एकमेकींचा हात धरून, मुळं चाचपत चाललो. मैत्रिणीचा घोटा सुजला होता. गाडीपाशी पोचल्यावर ती रडली आणि मीही रडले. जंगलाचा यात काही दोष नव्हता, एक फोन आदल्या दिवशी करायचा राहिला होता.

म्हणून बोट आदल्या दिवशी ठरवा, वेळ लिहून घ्या आणि नियोजित वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचाल अशा बेताने निघा. बोट उतरवते तो धक्का आणि तुमची गाडी एकाच ठिकाणी नसतात, तेवढं अंतर चालायचं मनात धरा. घरी कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना कळवा. सिग्नल नसलेल्या भागात चालणारं आपत्कालीन बीकन (मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने मिळतं. एकटे जाणार असाल तर ते घ्याच.

पहिले तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्या. दर अर्ध्या तासाने एक लाडू, भूक लागायची वाट न बघता. बाराव्या किलोमीटरच्या आसपास मांड्या जड होतात, तेव्हा उतारावर पावलं छोटी ठेवा आणि घोट्यांकडे लक्ष द्या.

ते राता बेला तळ्याच्या कडेला वाळूतून गरम पाणी येतं. एका जागी कोमट, दोन हातांवर चटका देणारं. धावून आल्या आल्या उडी मारू नका. आधी हाताने पाणी बघा, मग वाळू, मग पाय टाका. बाहेरून तळ्याचं गार पाणी येऊन मिसळतं तिथे मधली जागा सापडते आणि पोटऱ्या सुटतात. भाचा तिथे गुडघाभर पाण्यात उभा राहून बराच वेळ डोंगराकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, आपलं कास पण कधीतरी असंच धगधगत असेल नाही?" सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हो.

त्यानंतर

तारावेराच्या नावाची मोठी शर्यत दर वर्षी फेब्रुवारीत होते. २००९ मध्ये ती सुरू झाली आणि आता जगभरातून धावपटू येतात. शंभर मैलांचं अंतर असतं, तसं २१ किलोमीटरचंही असतं. तारावेराची वाट दोनदा धावून झाली असेल तर २१ ला नाव द्यायला हरकत नाही. सक्तीच्या सामानाची यादी नीट वाचा आणि त्यातली प्रत्येक वस्तू घेऊन आधी एक लांब धाव करा, नवी पिशवी शर्यतीच्या दिवशी खांदे सोलते. हॅमिल्टनसारख्या सपाट गावात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा जिने चढावेत आणि मुख्य म्हणजे उतरावेत. चढाने दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते उताराने.

घरी पोचल्यावर बूट उलटे करून आपटा. करडे, हलके खडे पडतील. मग तळ घासून धुवा आणि सावलीत वाळवा, खाचांत अडकलेल्या बिया पुढच्या जंगलात नेऊन टाकायच्या नाहीत. भाच्याने त्या खड्यांतला एक वाटीभर पाण्यात टाकून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ताई आधी म्हणाली, दगड कुठे तरंगतो का. मग तिने शेजारच्या काकूंना हाक मारली.